बर्र अल हिक्मानवरची पैज

मस्कतमध्ये अठरा वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, ओमानमध्ये काय काय पाहिलंत? डोंगर सांगतील, किल्ले सांगतील, सलालाहचा पावसाळा तर हमखास सांगतील. पायाखाली सपाट जमीन, वर नुसतं आभाळ आणि मध्ये काहीच नाही, असलं ठिकाण बघायला सुट्टी आणि पेट्रोल खर्च करून कुणी जात नाही. आम्ही गेलो. तेही चालायला, आणि तेही पैज लावून.

पैज माझी आणि माझ्या मुलीची. गार्गी तेव्हा बारावीत होती. आम्ही राहतो मस्कतमधल्या दार्सैतला. मी रुवीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासते, नवरा प्रमोद गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर आहे. दोन पगारांवर एकुलत्या एका मुलीला इंजिनिअर करायचं आमचं ठरलेलं होतं, म्हणजे माझं ठरलेलं होतं. आणि ही म्हणाली, मला प्राणीशास्त्र घ्यायचंय. पक्ष्यांवर काम करायचंय. पाणथळ जागांवरच्या पक्ष्यांवर.

आता माझी बाजू ऐका. माझा जन्म पेणच्या खारेपाटातला. समुद्राला बांध घालून वसवलेली शेती, दारात चिखल, ताटात मासळी, पायाला कायम गाळाचा वास. शाळेत जाताना चपला हातात घ्यायच्या आणि शाळेच्या पायरीवर पाय धुऊन घालायच्या. त्या चिखलातून बाहेर पडायला मी अर्धं आयुष्य घातलं आणि माझी पोरगी डिग्री घेऊन त्यात उतरायला निघाली होती. एसी गाडीतून एसी शाळेत जाणारी, भाजी आणायला खाली पाठवली तर लिफ्टची वाट बघणारी मुलगी! मी म्हटलं, "तुला चिखल म्हणजे काय ते माहीत तरी आहे का?"

"मग दाखव," ती म्हणाली. "तू नेहमी म्हणते मला चालता येत नाही. मी चालून दाखवते. बट देन तू नाही म्हणायचं नाही."

अशी पैज ठरली. नाताळच्या सुट्टीत बर्र अल हिक्मानला तीन दिवस पायी जायचं. मी आणि ती चालणार, प्रमोद गाडीतून पाणी आणि तंबू घेऊन पुढच्या मुक्कामी थांबणार. तिने एकदाही गाडीत बसायचं नाही, परत जाऊ म्हणायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या तळावर स्वतःच्या पायांनी पोचायचं. पोचली तर प्राणीशास्त्र. नाही पोचली तर घरी आल्याबरोबर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायचा. फॉर्मची मुदत महिनाअखेर संपत होती. पोरगी पहिल्याच दुपारी गाडीचं दार उघडेल याची मला इतकी खात्री होती, की मी तिच्यासाठी मागच्या सीटवर उशीसुद्धा ठेवली होती.

पहिला दिवस : पवनचक्की

बर्र अल हिक्मान म्हणजे ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर, मसीरा बेटासमोर समुद्रात शिरलेला जमिनीचा एक सपाट तुकडा. मस्कतहून महूतपर्यंत गाडीने पाच तास, आणि पुढे रस्ता संपला की संपला. महूतच्या किराणा दुकानात आम्ही पाण्याचे खोके घेतले. दुकानदार केरळचा. माझ्या आणि गार्गीच्या पाठीवरच्या पिशव्या बघून त्याने काळजीने विचारलं, "गाडी खराब है क्या?"

"नहीं, पैदल घूमने आये हैं."

"इधर?" त्याने दाराबाहेर चारी दिशांना पाहिलं. "इधर तो कुछ है ही नहीं, भाभी."

त्याचं बरोबर होतं. प्रमोदने आम्हाला कच्च्या वाटेवर सोडलं आणि गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हा डोळे कशावर ठेवावे हेच कळेना. झाड नाही, टेकडी नाही, तारेचा खांब नाही. फक्त दक्षिणेला एक बारीक काळी काडी उभी दिसत होती. ती आमची खूण. एका जुन्या विहिरीवरची पवनचक्की, तिथेच रात्रीचा मुक्काम.

पवनचक्की म्हटलं की आपल्याला साताऱ्याच्या पठारावरचे पांढरे उंच खांब आणि त्यांची तीन लांब पाती आठवतात. ही तसली नव्हे. लोखंडी चार पायांवर पत्र्याच्या पंधरा-वीस पात्यांचं चाक, मागे शेपूट, खाली विहिरीत जाणारी दांडी. वारा आला की चाक फिरणार, दांडी खालीवर होणार आणि पाणी हौदात पडणार. इथले लोक तिला मरवहा म्हणतात, म्हणजे सरळ पंखाच.

"अर्ध्या तासात पोचू," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने ती काडीच होती. तासाने काडीला डोकं फुटलं. दोन तासांनी डोकं फिरतंय असं वाटलं. सपाट जमिनीवर अंतर कळत नाही, ही गोष्ट मला, खारेपाटात वाढलेल्या बाईला, कळायला हवी होती. पण आमच्याकडे मध्येमध्ये बांध असतात, आंब्याचं एखादं झाड असतं, कुणीतरी सायकलवरून येत असतं. इथे उंटांचा एक कळप तेवढा मध्ये आला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि महत्त्वाचं काही नाही हे ठरवून पुन्हा खुरट्या झुडपांना तोंड लावलं. डिसेंबर असूनही ऊन टोचत होतं. वारा मात्र अखंड, समुद्राकडून येणारा, ओठ खारट करणारा.

चार तास लागले. गार्गी माझ्यामागून चालत राहिली. तंबूशी पोचल्यावर तिने बूट काढले तेव्हा मला दोन्ही टाचांवरचे फोड दिसले, एक तर फुटलेला. खोटं कशाला सांगू, मला आत कुठेतरी बरं वाटलं. मी जवळ जाऊन बसले आणि आवाजात शक्य तितकी माया आणून म्हटलं, "दुखतंय का गं फार?"

"हो," ती म्हणाली आणि पिशवीतून चिकटपट्टी काढून फोडावर लावू लागली. आता गाडीत बसते म्हणेल, म्हणून मी वाट बघितली आणि उठले.

रात्रीची खिचडी प्रमोदने केली. पिण्याचं पाणी जपून वापरायचं म्हणून त्या शहाण्या माणसाने ती पवनचक्कीच्या हौदातल्या पाण्यात शिजवली. ते मचूळ पाणी उंटांसाठी असतं हे त्याला माहीत होतं, पण उकळल्यावर सगळं पाणी सारखंच, असं त्याचं म्हणणं. वर त्याने सवयीने मीठही घातलं. पहिला घास तोंडात गेला आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. मग गार्गीने खिचडीत दह्याचा अख्खा डबा उलटा केला आणि म्हणाली, "बाबा, टेक्स्चर चांगलं आहे." आम्ही इतकं हसलो की हौदावर आलेले दोन उंट चार पावलं मागे सरकले.

दुसरा दिवस : मिठाची जमीन

सकाळी पवनचक्की पाठीवर घेऊन निघालो. जमीन हळूहळू पांढरी होत गेली. वर मिठाची पातळ पपडी, खाली ओल. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. गाड्यांनी इथे फसावं अशीच ही जमीन आहे, म्हणून प्रमोद लांबच्या वाटेने गेला होता. मला आमची मिठागरं आठवली. आमच्याकडे मीठ पिकवायला माणूस लागतो, इथे ते कुणी न विचारता मैलोगणती पडलेलं.

दहाच्या पुढे पाण्याची कड लागली, आणि तिथून पुढे माझी मुलगी मला ओळखू येईना.

उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची लांबच लांब रांग होती. त्यांच्या अलीकडे शेकडो छोटे चिखल्या पक्षी, आणि वाळूच्या उंचवट्यावर काळेपांढरे, जाड चोचीचे, उंच पायांचे पक्षी खांद्याला खांदा लावून उभे. त्यांना इंग्रजीत क्रॅब प्लोव्हर म्हणतात, खेकडे खाणारे, हे मला गार्गीने कुजबुजत सांगितलं. मग ती पोटावर आडवी झाली. ओल्या चिखलात, नव्या जॅकेटसकट. दुर्बीण डोळ्याला लावून ती मोजू लागली. दहा-दहाचे गट करून, बोटांनी हवेत टिचक्या मारत. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"आता का परत?"

"दोन वेळा करायचं. सेम आलं नाही तर दोन्ही नंबर लिहायचे."

"मग खरा कुठला?"

"ते माहीत नाही म्हणून तर दोन्ही लिहायचे, आई."

दवाखान्यात माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलींना मी हेच शिकवते आणि त्या ऐकत नाहीत. मी तिच्या बाजूला बसून राहिले. तिने तिच्या अडखळत्या मराठीत मला समजावलं, की हे पक्षी पाण्याबरोबर हलतात. पाणी मागे गेलं की त्याच्या मागे मागे चिखलात खेकडे शोधत जातात, पाणी यायला लागलं की सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं आणि उंचवट्यावर परत येतात. "त्यांना टाइमटेबल लागत नाही," ती म्हणाली.

"आम्हालाही लागत नसे," मी म्हटलं, आणि तिला माझ्या वडिलांचा हिशेब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. आमच्या बांधाला उघाडी असायची, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची लाकडी फळी. भरतीआधी ती बंद झाली नाही तर खारं पाणी शेतात शिरणार आणि पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचं. त्या फळीसाठी आमच्या घरात कुणी कधी घड्याळ पाहिलं नाही. मी सात वर्षांची असल्यापासून हा हिशेब मला झोपेतही येतो. त्या दिवशी द्वितीया होती. "दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता पाणी भरणार. बघच तू."

आम्ही दीड वाजता पाहिलं. पाणी भरून गेलं होतं आणि चांगलं वीस-पंचवीस पावलं मागेही हटलं होतं. ओली रेघ स्पष्ट दिसत होती. गार्गीने माझ्याकडे पाहिलं.

"वाऱ्याने ढकललं असेल," मी म्हटलं. मला तसंच वाटलं होतं.

दुपारी मासेमारांच्या झोपड्या लागल्या. प्लायवूड, पत्रे आणि जुनी जाळी यांच्या पाच-सहा झोपड्या, बाहेर शेळ्या, तारेवर वाळत टाकलेली मुशी, म्हणजे छोटे शार्क. आमच्याकडे मुशी ओली खातात, इथे तिच्या लांब पट्ट्या कडकडीत सुकवतात. वास मात्र थेट माझ्या माहेरचा. प्रमोद गाडीसह तिथे पोचून बाहेरच उभा होता, कारण दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

ती उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. साठीची असावी. चेहऱ्यावर इथल्या बेदू, म्हणजे भटक्या अरब, बायका घालतात तो कडक कापडी बुरखा, त्यातून दोन अतिशय हसरे डोळे. मुलं मसीऱ्याकडे समुद्रात गेलेली, घरात पुरुष नाही. त्यामुळे प्रमोदला मुक्काम नाही. पण आम्हा दोघींना बाहेर तंबूत झोपू द्यायलाही ती तयार नव्हती. मग असं ठरलं, की प्रमोदने गाडी घेऊन वळसा घालून आजच खाडीपलीकडच्या तळावर जावं आणि आम्ही सकाळी चालत खाडी ओलांडून तिथे पोचावं. खाडी म्हणजे समुद्राचा आत शिरलेला फाटा, तीनेक किलोमीटर रुंद. ओहोटीला सगळा उघडा पडतो.

भात, त्यावर कांद्यात परतलेली सुकी मुशी, वर लिंबू. मी हाताने कालवून मोठे मोठे घास घेतले तशी उम्म सालेम खूश झाली. माझं अरबी कामापुरतं आणि तिचं हिंदी चार शब्दांचं, पण बोलायला अडलं नाही. हंगामात ती आणि बाकीच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे लांबट समुद्री जीव, वेचतात. हे काम बायकांचंच. पुरुष होडीत, बायका चिखलात. मी तिला आमच्याकडच्या बायका खाडीत कालवं आणि शिवल्या कशा काढतात ते हातांनी करून दाखवलं. तिने माझा तळहात उलटा करून पाहिला, कालवाच्या शिंपल्याने कापल्याच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. मस्कतच्या अठरा वर्षांत माझ्या त्या खुणेला एवढा मान कुणी दिला नव्हता.

सकाळी कधी निघायचं, हेही तिने सांगितलं. स्वच्छ सांगितलं. "फज्र. बाद फज्र, रूह." पहाटेची नमाज झाली की लगेच निघा. मला शब्दन् शब्द कळला. पण दुसऱ्या दिवशी तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे. मग अंधारात कशाला धडपडायचं? साडेसातला निघालं की बरोबर आठला मध्यावर. म्हातारी माणसं फार घाई करतात, असं मला वाटलं.

तिसरा दिवस : खाडी

गार्गी पहाटे पाचला तयार होऊन बसली होती. मी चहा ठेवला.

"आई, ती म्हणाली होती आफ्टर फज्र."

"मला माहिती आहे. तू चहा घे."

उम्म सालेम शेळ्या घेऊन निघाली होती. आम्हाला चहा पिताना बघून ती थांबली, आभाळाकडे आणि मग खाडीकडे हात करून काहीतरी म्हणाली. मी तिला आठ बोटं दाखवली आणि हसले. पाहुण्याशी वाद घालणं तिच्या रीतीत बसत नसावं. ती शेळ्यांमागे गेली.

साडेसातला बूट गळ्यात अडकवून आम्ही अनवाणी उतरलो. पहिला भाग सुरेख. घट्ट, थंड, बारीक लाटांच्या खुणा उमटलेला चिखल. मी पुढे, ती मागे. वीसेक वर्षांनी पायाच्या बोटांमधून गाळ वर येत होता आणि, कबूल करते, मला फार आवडत होतं. पलीकडच्या काठावर आमची गाडी खड्याएवढी दिसत होती. तिच्या टपावर प्रमोद उभा होता आणि काहीतरी पांढरं हलवत होता.

"बघ, बाबा टॉवेल हलवून स्वागत करतायत," मी म्हटलं.

सव्वाआठ झाले. बरोबर मध्य. आणि तेव्हा आमच्या डोक्यावरून पक्षी गेले. आधी चिखल्यांचा एक थवा, मग आणखी एक. मग ते काळेपांढरे खेकडेखाऊ, पाय मागे लांब करून, अगदी खालून. सगळे आमच्या मागे, आम्ही निघालो त्या काठाकडे.

गार्गी थांबली. "आई, पाणी येतंय."

"अजून ओहोटी आहे."

"नाही. ते परत चाललेत. सगळे."

"घारीबिरीने उठवलं असेल. अर्धं आलोय आपण. चल."

"आई, परत फिर."

मी वळून पाहिलं. ती जागची हलत नव्हती. मला राग आला. मी म्हटलं, आणि ते वाक्य मला आजही बोचतं, "परत फिरलीस तर पैज हरलीस. लक्षात आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही. "मी हरले. ओके? मी फॉर्म भरते. तू परत फिर."

मी काय केलं असेल? मी पुढे निघाले. माझं खरं आहे हे दाखवायला दहा पावलं चालले. अकराव्या पावलाला डावा पाय मांडीपर्यंत गेला. समोर एक चर होता, गाळाने भरलेला, आणि त्या चरातून पाणी आत येत होतं. बाहेर नाही, आत. समुद्रगवताचं एक पान माझ्यासमोरून जमिनीच्या दिशेने वाहत गेलं. ओहोटी केव्हाच संपली होती.

गार्गी धावली. "तिथेच थांब!" मी ओरडले. "जवळ येऊ नकोस, तूही रुतशील." इथे मात्र माझं माहेर कामाला आलं. रुतलेला पाय सरळ उपटायचा नसतो, उपटला की दुसरा जातो. मी पुढे आडवी झाले, छाती आणि हात चिखलावर पसरले, टाच आतल्या आत फिरवत राहिले. पाणी कोपराला लागलं. चिखलाने पाय सोडला तेव्हा मी पालीसारखी सरपटत मागे आले आणि गार्गीने माझी पिशवी धरून मला ओढलं.

परत चाळीस मिनिटं. पाणी घोट्याला, मग पोटरीला. घाई करावी तर पाय घसरे, न करावी तर पाणी चढे. आता ती पुढे होती. जिथे पक्षी उतरले होते तो उंचवटा धरून ती चालत होती आणि मी तिच्या पावलावर पाऊल टाकत होते. शेवटच्या टप्प्यात उम्म सालेम काठी घेऊन गुडघाभर पाण्यात आमच्या समोर आली. तिने शेळ्या वाऱ्यावर सोडून दिल्या होत्या. माझा दंड धरून ती घट्ट जमिनीवरून आम्हाला बाहेर घेऊन आली, आणि मग पाहुण्यांची सगळी रीत बाजूला ठेवून माझ्यावर ओरडली. "फज्र कुल्त! फज्र!" पहाटे सांगितलं होतं, पहाटे! मी "ग़लतान, ग़लतान" म्हणत राहिले, चुकले, चुकले. मागे वळून पाहिलं तर खाडी काठोकाठ भरत चालली होती. आम्ही उभ्या होतो ती जागा कुठली, ते सांगतासुद्धा आलं नसतं.

नंतर मी गावी बाबांना फोन केला. तिथीची पाऊणपट हा आपल्या खाडीपुरता हिशेब, ते म्हणाले. परक्या खाडीवर आधी एक दिवस बसून नुसतं पाणी बघायचं असतं, एवढंही तुला कळू नये? बर्र अल हिक्मानची भरती आमच्या हिशेबाच्या जवळजवळ दोन तास आधी येते. आदल्या दिवशीच्या ओल्या रेघेने मला ते सांगितलं होतं आणि मी वाऱ्यावर ढकललं होतं.

प्रमोद वळसा घालून दुपारी पोचला. तो टॉवेल हलवत होता तो स्वागतासाठी नव्हे. त्याच्या बाजूने पाणी आत शिरताना त्याला दिसत होतं आणि फोन लागत नव्हता. त्याने गाडीतून उतरून आम्हा दोघींना एकदम धरलं. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, त्याने विचारलं, "मग? जिंकलं कोण?"

"आई," गार्गी म्हणाली. तिने उम्म सालेमच्या हाताचं चुंबन घेतलं, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. उशी खाली टाकली आणि काचेला डोकं टेकलं.

दार्सैत

घरी आलो त्याच रात्री ती आंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने इंजिनिअरिंगचा फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, शाळा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. टाचांना चिकटपट्ट्या तशाच होत्या.

"बंद कर तो," मी म्हटलं.

"नो. पैज होती."

"गार्गी, बंद कर. तू प्राणीशास्त्र घे."

ती वळली नाही. "तू आत्ता घाबरलीस म्हणून बोलते. तुला वाईट वाटतंय. मला असं नको."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मला जे वाटत होतं ते मी सरळ सांगितलं. म्हटलं, मला चिखलाची भीती होती. तू कुठेतरी परक्या खाडीत उतरशील, कुणीतरी शहाणा तुला पुढे चल म्हणेल आणि तू जाशील, ही भीती होती. आज सकाळी तो शहाणा मीच होते. तुझं सगळं वर्ष, सगळं पुढचं आयुष्य मी तुझ्यासमोर धरलं आणि तरी तू आली नाहीस. आता कुठल्याही चिखलात जा. मला झोप लागेल.

ती नाक पुसून म्हणाली, "उद्या बदलशील. लिहून दे."

मी तिच्याच वहीचं पान फाडलं आणि मराठीत लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मला लिहिता आलं नसतं. 'गार्गीने प्राणीशास्त्र घ्यावे, माझी हरकत नाही. यापुढे पाण्यात ती म्हणेल तिथून मी मागे फिरेन.' खाली सही केली.

तिला मराठी वाचायला वेळ लागतो. अक्षरांखालून बोट फिरवत, ओठ हलवत तिने ते वाचलं. पहिल्या ओळीला मान हलवली. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"आई, हा वर्ड काढ."

"कुठला?"

तिचं बोट 'पाण्यात' या शब्दाखाली होतं. मी पेन घेतलं आणि तो खोडला.